गार्ड पास करायचा तर: आधी पावलं, मग गुडघे, मग खुबे

तालमीत वाढलेला गडी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर पहिल्यांदा उतरतो, पट काढून समोरच्याला आडवा करतो, त्याची पाठ टेकलेली बघतो आणि क्षणभर सैल पडतो. आखाड्यात कुस्ती इथेच संपली असती. मॅटवर मात्र खरा खेळ इथून पुढे आहे. खालच्याचे दोन्ही पाय मध्ये आलेले असतात, वरच्याची एक बाही त्याच्या मुठीत असते आणि अर्ध्या मिनिटात मान ट्रँगलमध्ये, म्हणजे त्याच्या पायांच्या त्रिकोणी फासात, अडकलेली असते. पाठीवर पडलेला माणूस हरलेला नाही, हे डोक्याला पटतं, पण अंगाला पटायला काही महिने जातात.

खालच्याने स्वतःच्या आणि वरच्याच्या मध्ये ठेवलेले पाय म्हणजे गार्ड. कमरेभोवती कुलूप घातलं तर क्लोज्ड गार्ड, पाय मोकळे ठेवून तळव्यांनी, नडग्यांनी अडवलं तर ओपन गार्ड, वरच्याचा एकच पाय धरला तर हाफ गार्ड. हे पाय ओलांडून वरचा साइड कंट्रोल (बाजूने छातीवर आडवा दाब) किंवा नॉर्थ-साउथला (डोक्याच्या बाजूने छातीवर दाब) पोहोचला आणि तिथे ३ सेकंद टिकला, तर आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांप्रमाणे गार्ड पासचे ३ गुण. टेकडाउन (उभ्याला पाडणं) आणि स्वीपचे (खालून वरच्याला उलथवून वर येणं) दोन-दोनच, म्हणजे पास त्यांच्याहून महाग. एक पाय हाफ गार्डमध्ये अडकलेला असेल, तर छातीला छाती लागूनही तो पास नाही. शेवटच्या क्षणी खालचा उलटा होऊन कासवासारखा गोळा झाला, तर गुण नाहीत, फक्त अॅडव्हांटेज, म्हणजे गुण बरोबरीत राहिले तर मोजली जाणारी आघाडी.

तीन कुंपणं

पासची नावं शंभर असतील, पण ओलांडायची कुंपणं तीनच. पहिलं पावलांचं: त्याचे तळवे तुमच्या मांडीवर, खुब्यावर, दंडात रुतलेले असतात आणि अंतर तो ठरवतो. दुसरं गुडघ्यांचं आणि नडग्यांचं: पावलं चुकवून आत आलात तरी गुडघा छातीसमोर आडवा येतो. तिसरं खुब्यांचं. त्याचे खुबे हलू शकतात तोवर ओलांडलेला पाय तो पुन्हा आत घालू शकतो. खुबे मॅटला खिळले की त्याचे पाय कितीही लांब असोत, हवेत सायकल चालवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

नवशिक्याचे बहुतेक पास इथेच फसतात. पावलांचं कुंपण ओलांडलं की तो थेट छातीवर झेप घेतो. मधली दोन कुंपणं तशीच राहतात. खालचा माणूस एका कुशीवर वळतो, ढुंगण वीतभर मागे सरकवतो, गुडघा आत घालतो, आणि सगळं पहिल्यापासून सुरू. इथे ताकद कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो.

प्रत्येक कुंपणाशी थांबून एकच प्रश्न विचारा: आता त्याचा कुठला अवयव मला ढकलतोय? पाऊल ढकलत असेल तर गुडघ्याचा विचार नको. गुडघा ढकलत असेल तर त्याच्या डोक्याकडे हात नेऊ नका. हात मध्ये आले, म्हणजे त्याने तुमच्या मानेशी आणि खुब्याशी फ्रेम लावल्या (अडवायला हात टेकूसारखे आडवे धरले), तर खूश व्हा: पायांनी अडवण्यासारखं आता त्याच्याकडे काही उरलेलं नाही.

उभं राहणं आणि पकड

ओपन गार्डसमोर उभं राहताना पावलं खांद्याइतकी फाकलेली, एक थोडं पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. डोकं खुब्यांच्या वर हवं, त्यांच्या पुढे नाही. डोकं पुढे गेलं की कॉलर धरून खाली खेचणं त्याला अगदी सोपं होतं. कोपरं बरगड्यांना लागून असू द्या. कोपर आणि बरगडी यांच्यात फट पडली की तिथून त्याचं पाऊल किंवा नडगी आत शिरते.

पकडीचं भांडण पास सुरू व्हायच्या आधीच जिंकायचं असतं. त्याने दोन बाह्या धरून पाय दंडांवर ठेवले की स्पायडर गार्ड तयार झाला, आणि मग तो तोडायला वीस सेकंद आणि निम्मी ताकद जाते. एक बाही धरली जाताक्षणी तोडली तर दोन सेकंदांत काम होतं. बाही सोडवताना हात नुसता मागे ओढू नका. त्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, त्या फटीच्या दिशेने मनगट फिरवून झटका द्या. कॉलर सोडवताना त्याच्या बाहीच्या टोकाशी दोन्ही हातांनी पकडा, हात सरळ करून खाली दाबा आणि त्याच वेळी कंबर मागे नेऊन पाठ ताठ करा. काम पाठीने करायचं. नुसत्या हातांनी तोडायला गेलात तर पाचव्या मिनिटाला मूठच मिटत नाही.

तुमची पकड पँटवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या कापडावर. तिथे कापड सैल असतं, चार बोटांनी दुमडून मूठभर घ्या. पायाच्या मोहरीत किंवा बाहीच्या आत बोटं घालणं आयबीजेजेएफमध्ये नियमबाह्य आहे, म्हणून सरावातही ती सवय लावू नका. नो-गीमध्ये, म्हणजे गी (जिउ-जित्सूचा जाड कोट-पँटचा पोशाख) न घालता खेळताना, असं कापड नसतं. तिथे घोट्याच्या किंचित वर, अंगठा बाकीच्या बोटांबरोबरच ठेवून हाताचा आकडा करायचा. घामाने निसरडी झालेली नडगी मुठीत धरून ठेवता येत नाही, ती नुसती वळवायची असते.

आधी कुलूप: क्लोज्ड गार्ड उघडणं

क्लोज्ड गार्डमध्ये गुडघ्यांवर बसूनही कुलूप उघडता येतं, पण सुरुवातीला उभं राहून उघडायला शिका. उभं राहिलं की त्याच्या पायांना तुमचं नव्हे, स्वतःचंच वजन पेलावं लागतं.

पुढे उजवं-डावं नीट लक्षात ठेवा: तो पाठीवर आणि तुम्ही त्याच्यासमोर, म्हणजे त्याचा उजवा हात आणि उजवा पाय तुमच्या डाव्या बाजूला येतो.

आधी बैठक. गुडघे फाकलेले, ढुंगण टाचांवर, पाठ ताठ. उजव्या मुठीत त्याच्या गीच्या दोन्ही कॉलर एकत्र, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी. हात सरळ करून दाबून धरा, म्हणजे त्याला उठून बसता येत नाही. डाव्या हाताने त्याची उजवी बाही धरा आणि त्याच्याच पोटावर खिळवा. हात कधीही मॅटवर टेकायचे नाहीत. टेकलेला हात म्हणजे किमुराचं, हात मागे वळवून खांदा पिळणाऱ्या पकडीचं, आमंत्रण.

आता डावं पाऊल आधी उचला. बाही धरलेली बाजू आधी, कारण त्या बाजूला तुमचा पाय पकडायला त्याच्याकडे हात मोकळा नाही. डावं पाऊल टेकलं की लगेच उजवं. दोन्ही पाय उभे झाले की खुबे पुढे काढा, छाती वर, नजर समोरच्या भिंतीवर. इथे खाली बघणारा हमखास वाकतो आणि वाकला की परत खाली येतो. बाही हातात ठेवून वर ओढा. मग उजवा हात कॉलरवरून काढा, तळवा त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवा आणि कंबर थोडी वळवत गुडघा खाली मॅटकडे रेटा. घोट्यांचं कुलूप सुटतं. सुटल्यासुटल्या उजवा गुडघा त्याच्या दोन मांड्यांच्या मध्ये न्या, नाहीतर दुसऱ्या सेकंदाला कुलूप परत लागतं.

कुलूप सुटत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच: खुबे पुढे गेलेले नाहीत, त्यामुळे त्याचे घोटे तुमच्या पाठीवर आरामात टेकलेले आहेत. तो तुमच्या घोट्यांना हात घालत असेल तर पावलं त्याच्या खुब्यांपासून थोडी लांब न्या आणि बाही वर ओढा. आणि उचललेल्याला खाली आपटणं हा थेट अपात्रतेचा गुन्हा आहे. क्लबमधली भांडणंही बहुधा याच्यावरून होतात.

नी कट: याच्यावर जास्तीत जास्त वेळ घालवा

पास एकच शिकायचा असेल तर हा शिका. काही ठिकाणी याला नी स्लाइस म्हणतात. गीमध्ये चालतो, नो-गीमध्ये चालतो, हलक्याला चालतो, जड माणसालाही चालतो, आणि फसला तरी तुम्ही वरच असता. गुडघा सुरीसारखा त्याच्या मांडीवरून तिरका कापत जातो, म्हणून हे नाव.

उजव्या गुडघ्याचा पास बघू. वर कुलूप उघडल्यावर तुम्ही जिथे थांबलात, तिथूनच हा सुरू होतो.

१. तुमचं डावं पाऊल त्याच्या उजव्या मांडीच्या बाहेर, उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये. म्हणजे त्याचा उजवा पाय तुमच्या दोन पायांच्या मध्ये आला. डाव्या हातात त्याची उजवी बाही आहेच, कोपराजवळची पकड मिळाली तर आणखी चांगलं.

२. उजवी नडगी त्याच्या उजव्या मांडीवर आडवी टेकवा, गुडघा तुमच्या डावीकडे, त्याच्या खुब्याच्या दिशेने. नडगीने मांडी मॅटला दाबली जाते. हा क्षण नीट अनुभवा: त्याची मांडी खाली चिकटली की त्याच्या पायातला जोर एकदम नाहीसा होतो. तो जाणवला नाही तर पुढे सरकू नका.

३. उजवा हात त्याच्या डाव्या काखेतून घालून पाठीमागे खांद्यापर्यंत न्या. हा अंडरहुक. तुमचं डोकं त्याच्या जबड्याला चिकटलेलं. अंडरहुक मिळत नसेल तर गीमध्ये उजव्या हाताने कॉलर खोलवर धरून मनगटाने त्याला खाली दाबता येतं, पण अंडरहुक मिळत असताना कॉलरवर समाधान मानू नका.

४. डाव्या हाताने त्याचं उजवं कोपर मॅटवरून उचलून वर, तुमच्या छातीकडे ओढा. नवशिके हीच पायरी गाळतात. कोपर खाली राहिलं तर तो त्याच्यावर टेकून कुशीवर वळतो आणि खुबा सुटतो. कोपर वर आलं की त्याचा डावा खांदा मॅटवर सपाट होतो आणि वळायला आधारच उरत नाही.

५. आता गुडघा मांडीवरून सरकवत मॅटवर टेकवा, त्याच्या उजव्या खुब्याच्या बाहेर. डावा पाय मागे लांब आणि रुंद, चवड्यावर. उजवा खुबा खाली घाला, म्हणजे तुमचं वजन त्याच्या बरगड्यांवर येईल, तुमच्या गुडघ्यावर नाही.

६. उजवं पाऊल त्याच्या पायांत अडकलं असेल तर ओढाताण करू नका. छातीचा दाब तसाच ठेवून डाव्या पावलाच्या तळव्याने त्याचा वरचा गुडघा ढकला आणि टाच ढुंगणाकडे आणत पाऊल सोडवा. सुटलं की डावा हात त्याच्या मानेखाली, साइड कंट्रोल.

बिघाड कुठे होतो? तीन जागी. पहिली, तो डावा गुडघा तुमच्या छातीसमोर आडवा लावतो, म्हणजे नी शील्ड. त्याच्यावर छाती आपटून काही होत नाही, उलट त्याच्या नडगीने तुमच्याच बरगड्या दुखतात. तो गुडघा उजव्या हाताने धरून तुमच्या डावीकडे, त्याच्या दुसऱ्या गुडघ्यावर दाबा. दोन्ही गुडघे एकावर एक चिकटले की ते एकच अडथळा होतात, आणि तुम्ही उलट्या बाजूने, त्याच्या पाठीकडून जाऊ शकता.

दुसरी बिघाडाची जागा अंडरहुकची. तुमच्याऐवजी त्यालाच अंडरहुक मिळाला, म्हणजे त्याचा डावा हात तुमच्या उजव्या काखेत आला, तर आता पास त्याच्या हातात आहे. तो तिथून बाहेर येऊन तुमची पाठ घेणार, म्हणजे मागून तुम्हाला पकडणार. अशा वेळी गुडघा पुढे रेटणं म्हणजे त्याला मदत करणं. उजव्या हाताने त्याचा तो हात वरून घट्ट आवळा, डाव्या हाताने चेहरा पलीकडे वळवा, आणि तो परत सपाट होईपर्यंत थांबा. सपाट होत नसेल तर गुडघा मागे घ्या, उभे राहा, पुन्हा सुरुवात करा. मागे येण्यात काही कमीपणा नाही.

तिसरी जागा तुमच्या स्वतःच्या उतावळेपणाची: गुडघा मॅटवर टेकायच्या आधीच डावा पाय पुढे आणून साइड कंट्रोलची घाई. पाया अरुंद होतो आणि तो तुम्हाला सरळ पलीकडे लोळवतो.

टोरेआँदो

बैलासमोर कापड फिरवून बाजूला होणाऱ्या माणसावरून पोर्तुगीजमध्ये या पासला हे नाव पडलं. तत्त्वही तेच: पाय एकीकडे जातात, तुम्ही दुसरीकडे.

दोन्ही गुडघ्यांची पँट धरा. हात सरळ करून आधी गुडघे त्याच्या छातीकडे ढकला. तो प्रतिक्षिप्तपणे परत तुमच्याकडे ढकलेल, आणि त्याच क्षणी दोन्ही गुडघे तुमच्या उजवीकडे, मॅटच्या दिशेने फेका. फेकतानाच डावं पाऊल त्याच्या उजव्या खुब्याशेजारी टाका, उजवं मागोमाग. दोन पावलं, तीन नाही. हात सरळच. मग उजव्या हाताने पाय मॅटला दाबून ठेवलेले असतानाच उजवा खांदा त्याच्या खुब्यावर, पोटाच्या खालच्या भागावर टाका. आधी खुबा, नंतर छाती.

इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोठ्या वर्तुळात धावणं. तुम्ही बाहेरून सहा पावलं पळता, तो मध्यभागी पाठीवर एवढासा फिरतो आणि पाय परत तुमच्यासमोर. त्याच्या खुब्याला घासूनच जायचं. दुसरी चूक, हात वाकवणं. वाकलेल्या हातात त्याचा पाय लगेच परत येतो. तिसरी, बाजूला पोहोचल्यावर पँट सोडायलाच विसरणं: दोन्ही मुठी त्याच्या पँटमध्ये गुंतलेल्या, आणि तो आरामात कुशीवर वळून गुडघा आत घालतो. खुबा खांद्याखाली आला की डावी मूठ सोडून तो हात त्याच्या डोक्याकडे न्यायचा.

टोरेआँदो एकटा वापरला तर चांगल्या गार्डवाल्यासमोर पाचात एखाद्या वेळी लागला तर लागला. खरा उपयोग नी कटच्या जोडीने. डावीकडे टोरेआँदोची हूल दिली की तो परत समोर येण्यासाठी पाय उघडतो, दोन मांड्यांच्या मध्ये जागा होते: उजवा गुडघा तिथे, नी कट. नी कटला त्याने शील्ड लावली की तीच नडगी हातात घेऊन उलट्या बाजूने टोरेआँदो. एक उत्तर दिलं की दुसरा प्रश्न तयार, असं सतत चालू राहिलं की तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्याचे खुबे उशिरा पोहोचतात. दहा पासेसची यादी पाठ करण्यापेक्षा या दोघांमधली ये-जा अंगात मुरवणं कितीतरी जास्त कामाचं आहे.

डावीकडे जाताना त्याचे दोन्ही पाय तुमच्या उजव्या खुब्याच्या पलीकडे वळलेले राहिले, तर तीच लेग ड्रॅगची जागा. राफाएल आणि गिल्हेर्मे मेंडेस या भावांनी तो पास इतका पुढे नेला की आज ब्लू बेल्टच्या (नवशिक्यांच्या व्हाइट बेल्टच्या लगेच वरचा पट्टा) लढतींतही तो सर्रास दिसतो. पण तो नंतर शिका.

हाफ गार्ड आणि जड पास

हाफ गार्डमध्ये वर असाल तर आधी सपाट करा, पाय नंतर सोडवा. डावा हात त्याच्या मानेखालून घालून खांद्याने जबडा पलीकडे वळवा, हा क्रॉसफेस. उजवा हात अंडरहुक. ज्याचं तोंड पलीकडे वळलंय, त्याला कुशीवर तुमच्याकडे वळता येत नाही. हे दोन मिळाले की अडकलेला गुडघा नी कटसारखाच तिरका काढायचा.

डबल अंडर, म्हणजे स्टॅक पास, वजनदार लोकांचा लाडका. दोन्ही हात त्याच्या दोन्ही मांड्यांखालून, कोपरं आवळलेली, त्याचे खुबे तुमच्या मांड्यांवर ओढून घेतलेले. उजव्या हाताने पलीकडची कॉलर पकडून चवड्यांवर उजवीकडे चालत जा, त्याची मांडी तुमच्या खांद्यावरून घसरून पलीकडे पडेपर्यंत. इथे एकच नियम, पण तो मोडला की ट्रँगल ठरलेलाच: एक हात आत आणि एक बाहेर, असं कधीच नाही. एक तर दोन्ही हात पायांखालून, नाहीतर दोन्ही बाहेर. कुस्तीवाले कमरेला मिठी घालायच्या सवयीने नेमका एकच हात आत घालतात. स्टॅक करताना त्याच्या मानेवर तुमचं पूर्ण वजन येतं, म्हणून झटका द्यायचा नाही. चालायचं, उडी मारायची नाही. मान आखडल्याचं जोडीदाराने सांगितलं तर तिथेच थांबायचं, टॅपची, म्हणजे हार मानून त्याने हाताने थाप मारण्याची, वाट बघायची नाही.

दाबाचे पास आवडत असतील तर ओव्हर-अंडर पुढे शिकता येईल. बर्नार्दो फारिया २०१५ मध्ये विश्वविजेता झाला, तेव्हा त्याच्या खेळाचा कणा हाच पास होता. पण तुम्ही ५५ किलोचे असाल आणि समोरचा ८५ किलोचा, तर या वाटेला लागू नका, निदान पहिल्या वर्षी. हलक्याने उभं राहून, बाजू बदलत खेळावं.

शेवटचे ३ सेकंद

पाय ओलांडले, आता तो जिवाच्या आकांताने हलणार. या क्षणी माउंटकडे (छाती-पोटावर स्वार होण्याकडे) धावणारे निम्मे पास घालवतात. एक हात किंवा गुडघा त्याच्या जवळच्या खुब्याशी चिकटवा, जेणेकरून त्याचा गुडघा आत यायची वाट बंद होईल. दुसरा हात मानेखाली. तुमचे गुडघे मॅटवरून किंचित उचला आणि चवड्यांवर या, म्हणजे वजन गुडघ्यांतून मॅटमध्ये न जाता छातीतून त्याच्यात जाईल. मनात तीन मोजा. तो पाठ फिरवून कासव होऊ लागला तर अडवत बसू नका, पाठ घ्या, तिथे ४ गुण आहेत.

आठ आठवड्यांचा सराव

आठवड्यात तीन वर्ग धरले तर हे जमतं. पहिले दोन आठवडे फक्त नी कट, एकाच बाजूला, वर्गाच्या आधी किंवा नंतर जोडीदाराबरोबर २० वेळा. पहिले १० त्याच्या विरोधाशिवाय, पुढचे १० त्याने फक्त शील्ड लावायची. गुडघा घाईने काढण्याची सवय इथेच लागते, म्हणून दुसऱ्या पायरीवर एक पूर्ण सेकंद थांबून मांडी दाबली गेली का ते तपासा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टोरेआँदो, तोही २० वेळा, आणि त्याबरोबर पकड तोडण्याचा सराव २ मिनिटं: तो धरणार, तुम्ही सोडवणार, पास करायचाच नाही. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक टाळतात.

पाचव्या आठवड्यापासून ठरावीक जागेवरून रोलिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची झुंज. तो ओपन गार्डमध्ये, तुम्ही उभे. पास झाला, स्वीप झाला किंवा टॅप झाला की पुन्हा तिथूनच सुरू. २ मिनिटांचे ६ राउंड, मध्ये ३० सेकंद विश्रांती. जोडीदाराला सांगा, पहिल्या दोन राउंडमध्ये अर्धा विरोध, शेवटच्या दोनमध्ये पूर्ण. पूर्ण रोलमध्ये गार्ड पासची वेळ एखाद-दोनदाच येते, इथे ती १० ते १५ वेळा येते. प्रत्येक राउंडनंतर एकच नोंद करा: कुठल्या कुंपणाशी अडलो? सलग दोन आठवडे उत्तर 'पावलं' येत असेल तर पकड कच्ची आहे. 'गुडघे' येत असेल तर नडगी मांडीवर टेकायच्या आधीच घुसताय. 'खुबे' येत असेल तर कोपर वर ओढायचं राहतंय.

सातव्या आठवड्यात बाजू बदला. डाव्या गुडघ्याचा नी कट सुरुवातीला हास्यास्पद वाटेल. त्याला निम्मा वेळ देऊ नका, चौथा हिस्सा पुरे. स्पर्धेत व्हाइट बेल्टची लढत प्रौढ गटात ५ मिनिटांची असते, तेवढ्यात दोन्ही बाजूंचा खेळ क्वचितच लागतो.

आणि नखं. हातापायाची नखं आदल्या रात्री कापा, पँट धरता-सोडताना ती जोडीदाराच्या पोटरीवर ओरखडे काढतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात गी दोन दिवस वाळत नाही. दमट गी पुन्हा घालण्यापेक्षा दुसरी घ्या किंवा त्या दिवशी नो-गी करा, कारण नायटा एकाला झाला की महिनाभर सगळा क्लब खाजवत बसतो. अंगावर गोल लालसर चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा आणि ते हो म्हणेपर्यंत मॅटवर येऊ नका.